डाव्या हाताच्या गाडीचा बॉक्स

माझ्या ओळखीची माणसं हिमालयात जाऊन येतात, परत आल्यावर पुस्तक काढतात आणि प्रकाशनाला मला बोलावतात. टाळ्या वाजवायला माणसं लागतात, म्हणून मी जातो. माझा स्वतःचा प्रवास मात्र कुर्डुवाडी, केम आणि सांगोल्यापलीकडची एक वाडी, एवढाच झाला. या ठिकाणी हौसेने कोणी जात नाही. काम असेल तो जातो आणि काम झालं की परततो. मलाही कामच होतं, एका गाडीचा स्टेअरिंग बॉक्स शोधायचं. पण परत आल्यापासून मी छाती जरा पुढे काढून चालतो, असं शेजारीपाजारी म्हणू लागले आहेत. तेव्हा त्याचं कारण एकदा लिहून टाकलेलं बरं.

भवानी पेठ

गाडी बायकोची. नंदा जनावरांची डॉक्टर, आणि त्यातही मेंढ्या-शेळ्यांची. सरकारी नोकरी सोडून तिला पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून ती मंगळवेढा-सांगोल्याच्या माळावरच्या धनगरवाड्यांना फिरते. मी कॉलेजातून निवृत्त झालो. ती होत नाही.

गाडी रुमानियातली. जुन्या दुष्काळात विहिरी खणायला काही परदेशी मंडळी आली होती, त्यांनी ती बोटीने आणली आणि जाताना लिलावात काढली. नंदाच्या वडिलांनी ती घेतली. चारही चाकं ओढतात, त्यामुळे पावसात जिथे ट्रॅक्टर काळ्या मातीत बसतो तिथून ही कुरकुरत का होईना, निघते. स्टेअरिंग डावीकडे. म्हणजे नंदा चालवते, आणि सगळं जग जिथे ड्रायव्हर शोधतं त्या उजव्या बाजूला मी पुस्तक वाचत बसलेला असतो. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांच्या चेहऱ्यांवर मी जे भाव पाहिलेत ते नाटकातही पाहिले नाहीत. एकदा मला पान उलटताना बघून एक मोटारसायकलवाला सरळ ज्वारीत शिरला.

यंदा स्टेअरिंगने मान टाकली. चाक अर्धं फिरवलं तरी गाडीला पत्ता लागेना. सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्माईलभाईंचं गॅरेज आहे. दोन्ही बाजूंना माग चालू, मधे गॅरेज, त्यामुळे तिथलं सगळं संभाषण ओरडून चालतं. ते गाडीखालून बाहेर आले आणि ओरडले, "सर, बॉक्स गया! अंदर के दात घिस गये! लेथ पे बनाया तो बी टिकता नै, दो बार देखे ना? ओरिजिनल होना!"

"मिळेल का?"

"रुमानिया में मिलेंगा!"

वाहन तपासणीच्या अधिकाऱ्यानेही चाक हलवून पाहिलं होतं आणि स्वच्छ सांगितलं होतं. महिनाअखेर दुरुस्ती झाली नाही तर नोंदणी वाढणार नाही, मग ही गाडी रस्त्यावर आणायची नाही. रस्त्यावर न येणाऱ्या गाडीला गिऱ्हाईक एकच होतं. आमच्या भागातले एक भाऊ. त्यांचं आडनाव मला कधी ऐकू आलं नाही, कारण त्यांच्या फलकांवर 'भाऊ' एवढंच असतं आणि उरलेल्या जागेत फोटो. हमरस्त्यालगत त्यांनी नवं हॉटेल काढलंय. त्याच्या दारात चौथऱ्यावर ही गाडी उभी करून बॉनेटमधून कारंजं सोडायचं, असा त्यांचा मनसुबा. दोनदा माणूस पाठवला होता.

नंदा मोठे निर्णय भाजी निवडताना सांगते. त्या दिवशी मेथी होती.

"बॉक्स मिळाला नाही तर देऊन टाकू भाऊंना," ती म्हणाली. "आणि मीही फिरणं थांबवते. नव्या गाडीची सवय करायचं वय राहिलं नाही माझं."

मी म्हणालो, बरं. पण मेथीच्या काड्या बाजूला टाकताना ती पानंही त्यांच्यातच टाकत होती. पस्तीस वर्षांत तिच्या हातून असं झालेलं मी पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी झिजलेला बॉक्स नमुन्यादाखल पोत्यात घालून मी आणि इस्माईलभाई त्यांच्या व्हॅनमधून निघालो. नंदा कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून, लशीची पेटी मांडीवर घेऊन माळाकडे गेली.

इस्माईलभाईंविषयी एक सांगायला हवं. नम्रता या गुणाशी त्यांची ओळख नाही. मोहोळपर्यंत त्यांनी मला स्वतःची थोरवी सांगितली आणि मोहोळनंतर उस्तादांची. ती मुख्यतः असा शिष्य घडवल्याबद्दलची होती.

कुर्डुवाडी

कुर्डुवाडी हे रेल्वेने वसवलेलं गाव. इथे पत्ता विचारला तर माणूस रुळांच्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो. स्टेशनबाहेर चहा घेतला आणि भजी खाल्ली. भज्यांसोबत तळलेली मिरची आली, शेंगाचटणी आली नाही. सोलापुरात शेंगाचटणी न देणाऱ्याला लोक परगावचा समजतात. इथे ती मागणाऱ्याला समजतात.

भंगाराच्या मोठ्या व्यापाऱ्याकडे पोचलो तर दारात मांडव. शेठनी नवा वजनकाटा बसवला होता. त्याच्या उद्घाटनाचे पाहुणे आले नव्हते आणि गुरुजी घाई करत होते. माझा चष्मा, पांढरे केस आणि सोलापूरची व्हॅन बघून शेठनी मला खुर्चीत बसवलं, डोक्यावर टोपी, गळ्यात टॉवेल, हातात नारळ दिला. मी 'अहो, बॉक्स' म्हणेपर्यंत फीत कापून झाली होती. मग दोन शब्द बोलावे लागले. वजन खरं असावं, असं मी बोललो. टाळ्या पडल्या, पण शेठनी वाजवल्या नाहीत.

टॉवेल सोलापूरचाच निघाला. आमच्या पेठेत विणलेला टॉवेल कुर्डुवाडीत माझ्या खांद्यावर पडला, याचा मला आनंद झाला हे खोटं कशाला बोलू. ज्या समारंभाची मी आयुष्यभर टिंगल केली त्याला माझ्या गावचा टॉवेल लागतो, हे मात्र मान्य करायला हवं.

समारंभ संपल्यावर शेठनी ढिगातून एक बॉक्स काढला. बाहेरून हुबेहूब आमच्यासारखा. इस्माईलभाईंनी तो मांडीवर धरून दांडा उजवीकडे फिरवला आणि ते गप्प झाले. हे दुर्मीळ म्हणून मी वाकून पाहिलं. उजवीकडे फिरवलं की चाकं ओढणारा हात भलत्याच बाजूला जात होता.

"ये उजव्या हाताच्या गाडी का है," ते म्हणाले. "अपने में बिठाये तो लेफ्ट मारे तो राइट जायेंगी."

"मग काय झालं?" शेठ म्हणाले. "आठ दिसात सवय हुती की सायब."

"आणि त्या आठ दिवसांत?"

"त्या आठ दिसात जरा सांबाळून चालवायचं."

इस्माईलभाई गंभीरपणे म्हणाले, "सर, मॅडम से पूछ लो. मेंढ्यां बी उलटेच चलते." मग दोघेही खो खो हसले, आणि हसण्यातून शेठना आठवलं की विहिरी खणायला आलेल्या परदेशी मंडळींचा ड्रायव्हर केमला राहतो. "म्हातारा हाय, पण गाडी म्हटलं की उटून बसतो बगा."

केम

केम लहान गाव आहे, पण घरोघरच्या देव्हाऱ्यात पोचलेलं. इथे कुंकू तयार होतं. ज्या गल्लीत ते ड्रायव्हर, दत्तूमामा, राहतात ती सगळी गुलाबी. भिंती, कुत्री, वाळत घातलेली धोतरं, सगळ्यांवर लाल धूळ. इस्माईलभाईंची पांढरी व्हॅन गल्लीतून बाहेर येईपर्यंत नवरीसारखी दिसू लागली, आणि पुढे सांगोल्यापर्यंत लोक आम्हाला वाट देत होते.

दत्तूमामा बाजेवर पडून होते. मी गाडीचं नाव काढल्यावर खरोखरच उठून बसले. त्यांनी आधी माझ्याकडून गाडीची प्रकृती विचारून घेतली, एखाद्या लेकीच्या सासरहून आलेल्या माणसाला विचारावी तशी. टपावर अजून दोर बांधता येतो का, चढाला दम लागतो का, दार आपटून लावावं लागतं का.

"आपटावंच लागतं," मी म्हणालो.

"ते पयल्यापास्नं हाय," मामा समाधानाने म्हणाले. "बोटीतनं उतरली तवापास्नं. आन् चालवतंय कोन?"

"बायको. डॉक्टर आहे मेंढ्यांची."

"बाईमाणूस?" त्यांनी जरा विचार केला. "बरं हाय. गोऱ्यानं लई धसमुसळी चालवली तिला."

मग त्यांनी सांगितलं, की गाड्या एक नव्हे, दोन आल्या होत्या. दुसरी लिलावात सांगोल्यापलीकडच्या म्हाकू नावाच्या एका मेंढपाळाने घेतली. "लोक हसलं त्येला. म्हनलं, मेंढरं काय गाडीत बसवून चारनार व्हय? पर त्येनं न्हेली. पुढं काय केलं, बिरोबाला ठावं." वाडीचं नाव त्यांना आठवत होतं. निघताना सुनेने चहा आणला. मामांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "गावली तर माजा रामराम सांगा तिला." म्हाकूला नव्हे, गाडीला.

सांगोल्यापलीकडची वाडी

पंढरपूर बाहेरून टाळून आम्ही सांगोल्याच्या पुढे गेलो. डाळिंबांच्या बागा संपल्या की माळ सुरू होतो. खुरटी बोरं-बाभळी, दगड, आणि जिथे दगड हलताना दिसतात तिथे मेंढरं. माणसं इथेही ओरडूनच बोलतात. आमच्या पेठेत माग चालतात म्हणून, इथे माळ लांब आहे म्हणून. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

म्हाकू वारले होते. त्यांच्या बायकोने, हौसाबाईंनी, घोंगडं अंथरलं. सोलापुरी माणूस चादरीचा अभिमानी असतो. पण हे घोंगडं टोचत असूनही त्याच्यावरून उठवेना. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि मिरचीचा ठेचा समोर आला. आमच्याकडे कडक भाकरी महिनाभर टिकते याचं आम्हाला कौतुक. इथली भाकरी तव्यावरून उतरल्यावर टिकतच नाही, इतकी भराभर संपते.

"गाडी?" हौसाबाई म्हणाल्या. "हाय की. देवाची हाय ती आता."

वाडीच्या वर बिरोबाचं देऊळ. समोर पत्र्याचा मंडप, त्याच्यावर 'भाऊंच्या सौजन्याने' असं भलं मोठं लिहिलेलं. इकडेही ते येऊन गेले होते तर. आणि मंडपाच्या मागे, लिंबाखाली, आमचीच गाडी उभी. तेच तोंड, तेच दिवे, डावीकडे स्टेअरिंग. टायर मातीत मुरलेले, बॉनेटवर भंडाऱ्याचे पिवळे पट्टे. काच फुटलेली नव्हती. भोंगासुद्धा जागेवर होता. मी दत्तूमामांचा रामराम मनातल्या मनात सांगितला.

हौसाबाईंनी गोष्ट सांगितली. म्हाकूने त्या गाडीने उन्हाळ्याउन्हाळ्यात टाकीने पाणी आणलं, माणसांना आणि मेंढरांना. गाडी बंद पडल्यावर भंगारवाले आले. म्हाकू म्हणाला, जिनं पाणी पाजलं तिला तोडू देणार नाही. एडका, म्हणजे खांडातला, कळपातला नर, जसा देवाला सोडतात, तशी त्याने गाडी देवाला सोडली. सगळ्या वाडीने ओढत वर आणली. तेव्हापासून तिचा खिळासुद्धा कोणी काढलेला नाही.

एवढ्यात मागे टण्ण असा आवाज झाला. इस्माईलभाई केव्हाच गाडीखाली गेले होते.

"सर!" खालून आवाज आला. "नया जैसा है! दात देखो दात!"

"ए बाबा, निग भाईर!" देवळाचे पुजारी धावले. "देवाच्या गाडीला पाना लावतोस?"

इस्माईलभाई बाहेर आले ते हात जोडूनच. आणि मग मी, जो समारंभांना हसतो, शिकलेला, वाचलेला, मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "बदल्यात आम्ही देवळाला फरशी बसवून देऊ."

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मंडपावरच्या अक्षरांकडे. "फरशीवर नाव कुनाचं?"

नाव घालणार नव्हतो, हे तेव्हा कोणालाही खरं वाटलं नसतं.

पुजारी म्हणाले, "देवाचं देवाला. इशय संपला." बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मी व्हॅनकडे वळलो. मेथीची पानं डोळ्यांसमोर आली.

"थांबा वाईच," हौसाबाई म्हणाल्या. "गाडी कुनाची म्हनालात?"

"माझ्या बायकोची. डॉक्टर आहे ती, मेंढ्यांची. नंदा."

"नंदाबाई?" त्यांनी कपाळावर हात मारला. "आवं मग आदी नाय का सांगायचं! बाई माळावर खांडाकडंच येत्यात, हितं वर कवा आल्या न्हाईत. तुमी डाक्तरीणबाईचं मालक व्हय? उजवीकडं बुक वाचत बसत्यात म्हनं त्ये?"

सगळे म्हातारे मला नव्याने बघू लागले. मी पस्तीस वर्षं अध्यापन केलं, दोन पुस्तकं लिहिली, एकदा विद्यापीठात व्याख्यान दिलं. माझी ओळख एवढ्या आदराने कोणी कधी करून दिली नव्हती.

हौसाबाई पुजाऱ्यांकडे वळल्या. "दादा, म्या इचारती ते सांगा. देवाला सोडलेला एडका आपुन बांधतो का?"

"न्हाय."

"इकतो का?"

"न्हाय."

"आनि त्यो दुसऱ्याच्या खांडात गेला, तर हाकलतो का?"

"हाकलायचा कशापायी? त्याच्यापास्नं चांगली कोकरं हुत्यात."

"मग ह्ये लोखंड त्या बाईच्या गाडीत गेलं तर काय बिगडलं? ती गाडी कुनाच्या मेंढरासाटी फिरती? माज्या, तुमच्या, समद्याच्या."

मग पुजारी म्हणाले, "जाऊ दे. पर मग ती गाडीबी तशीच. तिच्यात देवाचा वाटा. इकायची न्हाय, कुनाला म्हंजी कुनाला. आन् देवाची गाडी लुळी ठिवायची न्हाय, तुमचा जुना बॉक्स हिला बसवून द्यायचा."

मी शब्द द्यायला पुढे झालो. हौसाबाईंनी हात केला. "तुमचा न्हाय. बाईचा."

देवळाच्या पायरीवर फोन लागतो. मी नंदाला लावला आणि आवाज मोठा केला.

"बाई, म्या हौसा."

"हौसाबाई! त्या खूर सडलेल्या मेंढीचं काय झालं?"

"चालती की. दोन कोकरं बी झाली."

"औषध पुरं दिलंत ना?"

म्हातारे एकमेकांना कोपरं मारू लागले.

"हौसाबाई?"

"बरी झाली म्हनून बंद केलं, बाई."

"येते मी, मग बघते."

"कशात येताय? गाडी मोडलीया न्हवं?"

हौसाबाईंनी सगळं सांगितलं, एडक्यासकट. नंदाने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "अहो, तुम्ही काय म्हणता?"

"मी फक्त उजवीकडे बसतो," मी म्हणालो.

"हौसाबाई, विकणार नाही. शब्द दिला."

"आन् उबी बी करायची न्हाय," पुजारी फोनकडे वाकून ओरडले. "सोडलेला एडका गोठ्यात बसला तर देव जाब इचारतो!"

"म्हणजे मला थांबता येणार नाही म्हणा," नंदा म्हणाली. आवाज भाजी निवडतानाचा नव्हता. ती हसत होती, आणि हसणं लपवण्याची तिला बिलकूल घाई नव्हती.

हौसाबाई भंडारा घेऊन आल्या आणि इस्माईलभाईंच्या कपाळाशी येऊन थबकल्या. "पाने को लगाव अम्मा," ते म्हणाले, "काम उसी का है." भंडारा पान्याला लागला. बोल्ट गंजले होते. डिझेल ओतून, फुंकून, शिव्या देऊन (देवळासमोर असल्याने उर्दूतून) त्यांनी चांगला बॉक्स सोडवला आणि झिजलेला तिथे इतक्या निगुतीने बसवला, की ती गाडी दुसऱ्या दिवशी पुण्याला जाणार आहे असं वाटावं. परतीच्या वाटेवर ते फार बोलले नाहीत. मोहोळला एकदाच म्हणाले, "सर, हिंदुस्तान में है क्या दुसरा, देव की गाडी का मेकॅनिक?" मी म्हणालो, नाही. हे मी खुशामत म्हणून म्हणालो नाही.

परत सोलापूर

तपासणीच्या मैदानावर अधिकाऱ्याने चाक एका बोटाने फिरवलं, पुढची चाकं बघितली, पुन्हा फिरवलं आणि सही केली. नंदाने कागद घेतला, घडी घातली आणि पर्समध्ये टाकला, जणू किराणा सामानाची पावती. मी मात्र तो तिच्याकडून मागून दोनदा वाचला.

फाटकाशी भाऊ स्वतः उभे होते. कोणीतरी त्यांना कळवलं असणार. पांढरे कपडे, मागे चार माणसं.

"ताई, अभिनंदन. आता तर गाडी फिट झाली. आता बोला, कितीला?"

"विकायची नाही भाऊ. हिच्यात दुसऱ्याचाही वाटा आहे आता."

"कागदावर तर तुमचंच नाव दिसतंय."

"त्यांना सही येत नाही," नंदा म्हणाली.

भाऊ प्रेमळ हसले. अडाणी वाटेकऱ्याला समजावणं त्यांच्या रोजच्या कामातलं. "नाव सांगा फक्त. मी बोलतो त्यांच्याशी. माझा शब्द कोणी मोडत नाही."

"सांगोल्याच्या पुढे असतात," नंदाने गाडी सुरू केली. "रविवारी सगळ्यांनाच भेटतात. तुमचाच मंडप आहे की दारात. चप्पल मात्र बाहेर काढून जावं लागेल."

तिने चाक डावीकडे वळवलं आणि गाडी डावीकडे वळली.